रडू द्यायचं नाही

डॉक्टरांनी औषधं लिहिली, पुढची तारीख लिहिली, पेनाला टोपण लावलं आणि मग तोंडी एक गोष्ट सांगितली. ‘ह्याला रडू द्यायचं नाही.’ मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. दोन महिन्यांच्या पोराला रडण्याशिवाय दुसरं येतं काय?

२०१७ची गोष्ट. डोंबिवलीतल्या आमच्या मुलांच्या डॉक्टरांकडे धाकट्याला लस टोचायला नेलं होतं. त्यांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, तो जरा जास्तच वेळ तिथं राहिला, आणि इंजेक्शन बाजूला ठेवून ते म्हणाले, ‘आधी टूडी एको करून घ्या.’ एको ठाण्याला झाला. कागदावर नाव आलं, टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो. हॉस्पिटलात सगळे त्याला नुसतं ‘टॉफ’ म्हणतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या भोकावरच बसलेली, आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून जाड झालेला उजवा कप्पा. हे चार दोष एकत्र येतात आणि त्यामुळे माणूस निळा पडतो, असं १८८८ साली मार्सेच्या फॅलो नावाच्या डॉक्टरनं मांडलं. त्या महिन्यांत मी रात्री मोबाइलवर हेच वाचत बसायची. नवरा म्हणायचा, ‘तू आता प्रॅक्टिस काढ.’

रडण्याचा संबंध असा की, मूल जोरात रडलं की ती अरुंद वाट आणखी आवळते. मग अशुद्ध रक्त फुप्फुसांत जायचं सोडून भोकातून पलीकडे जातं आणि तसंच अंगभर फिरतं. ओठ, जीभ, नखं निळी होतात, श्वास खोल आणि भराभर चालतो, आणि फारच झालं तर मूल निपचित पडतं. ह्याला ‘स्पेल’ म्हणायचं. स्पेल आला की बाळाचे दोन्ही गुडघे त्याच्या छातीशी दाबून धरायचे. त्यानं पायांकडच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, भोकातून पळणाऱ्या रक्ताला अडसर होतो आणि थोडं तरी रक्त फुप्फुसांकडे वळतं. हे इतकं साधं आहे यावर माझा विश्वास बसला नव्हता. पहिला स्पेल पहाटे आला, झोपेतून उठता उठता. सासूबाईंनी देवाचं नाव घेत त्याचे गुडघे असे काही दाबून धरले की मला वाटलं, पोराचं हाड मोडतंय. थोड्या वेळानं ओठांवर रंग आला. त्यानंतर घरात सगळ्यांना ते करता यायला लागलं, पाच वर्षांच्या थोरलीलासुद्धा. तिनं बाहुलीवर सराव केला होता.

ऑपरेशन लगेच का नाही, हा प्रश्न येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, वर्षाचा होऊ दे, वजन आठ किलोच्या आसपास येऊ दे, मग एकदाच पूर्ण दुरुस्ती करू. मधल्या काळात औषध. प्रोप्रॅनोलॉलची गोळी चुरून, पाण्यात कालवून, मोजून सिरिंजनं तोंडात सोडायची. त्या औषधानं साखर उतरू शकते, म्हणून फार वेळ उपाशी ठेवायचं नाही; रात्री गजर लावून पाजायचं. लोहाचे थेंब द्यायचे, कारण रक्तातलं लोह कमी झालं की स्पेल वाढतात. जुलाब झाले तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही. आणि सगळ्यावर कडी, रडू द्यायचं नाही.

आमची इमारत मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला, तीन मजली, लिफ्ट नसलेली. भिंती अशा की शेजारच्या फोडणीचा वास आपल्याकडे आधी येतो. त्या इमारतीनं आमचं पोर वर्षभर न रडवता वाढवलं, असं मी म्हणते. पेपरवाला पेपर फेकायचा बंद झाला, कडीला अडकवायला लागला. दाराच्या बेलचा सेल नवऱ्यानं काढून ठेवला होता. लोक बोटाच्या पेरानं दार वाजवायचे. खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त पोस्टमास्तर, त्यांना पेटी यायची. संध्याकाळी धाकटा किरकिर करायला लागला की ते न बोलावता वर यायचे आणि पेटीवर काहीही वाजवायचे. त्याला भैरवी सगळ्यात जास्त आवडायची. डोंबिवलीत ढोलताशांना तोटा नाही. नववर्षाची स्वागतयात्रा ज्या गावात सुरू झाली ते हे गाव. पण त्या वर्षी गणपतीची मिरवणूक आमच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंत ढोल खाली धरून नुसती चालत गेली. मंडळाच्या पोरांनी हे आपसांतच ठरवलं होतं. आम्हाला कुणी विचारलंही नाही.

अर्थात सगळेच असे नव्हते. ‘जांभूळ खाल्ल्यासारखे ओठ का गं ह्याचे?’ असं भर जिन्यात विचारणाऱ्याही होत्या. गरोदरपणात ग्रहण पाळलं होतं का, हे तर नातेवाइकांतल्या किती जणींनी विचारलं! हजार जिवंत जन्मांत आठ-दहा मुलं हृदयात काही ना काही दोष घेऊन येतात आणि त्यातल्या बहुतेकांचं नेमकं कारण सापडत नाही, हे मी पाठ करून ठेवलं होतं. पण समोरच्याला कारण हवं असतं आणि ते बहुतेक वेळा आईच्याच पदरात टाकायचं असतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. आमची शिधापत्रिका पांढरी. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तेव्हा पिवळं आणि केशरी कार्डच चालायचं. सगळ्यांसाठी ती खुली झाली ती पुष्कळ नंतर. आमच्या विम्याच्या कागदात बारीक अक्षरांत ‘जन्मजात दोष वगळून’ असं होतं. नवऱ्याचा पीएफ, माझ्या पाटल्या, एका देवस्थानाच्या न्यासाकडून आलेला चेक आणि दिरांनी परत मागायचे नाहीत असं सांगून दिलेले पैसे, यांतून ते झालं. पाटल्या पुन्हा झाल्या नाहीत आणि मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

तपासणीला परळला जावं लागायचं. केईएम, वाडिया, टाटा सगळी एकमेकांच्या सावलीत उभी. त्याच केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १९६८च्या फेब्रुवारीत, जगातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, हृदयप्रत्यारोपण करून पाहिलं होतं. रुग्ण वाचला नाही, पण हिंमत बघा. आम्हाला मात्र तिथवर पोचणं हेच मोठं ऑपरेशन वाटायचं. सकाळच्या वेळी डोंबिवलीला तान्हं मूल घेऊन लोकलमध्ये चढणं शक्यच नव्हतं. म्हणून आदल्या रात्री आम्ही कल्याणला, सासूबाईंच्या माहेरच्या घरी, पारनाक्याला मुक्कामाला जायचो आणि सकाळी कल्याणहून सुटणाऱ्या गाडीत बसून यायचो. दादरला उतरून स्लो गाडीनं परळ. लेडीज डब्यात पहिल्यांदा मी सगळ्यांना सांगितलं, ‘ह्याला हार्टचा त्रास आहे, रडला तर निळा पडतो.’ मुंब्रा यायच्या आत अख्खा कंपार्टमेंट कामाला लागला. एकीनं चाव्यांचा जुडगा काढला, एकीनं पर्समधला आरसा. क्लिपा-टिकल्या विकणारी बाई तर आपला सगळा फळाच त्याच्यासमोर धरून उभी राहिली, धंदा सोडून, घाटकोपरपर्यंत. त्यानं तिचं एक फुलपाखराचं क्लिप तोंडात घातलं, ते तिनं परत घेतलं नाही.

बाह्यरुग्ण विभागाबाहेर तास न् तास बसावं लागतं. तिथं मुरबाडकडच्या एका बाईची ओळख झाली. तिचा मुलगा साडेचार वर्षांचा, तोही टॉफच. गावच्या अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं होतं, त्यातल्या डॉक्टरनं नखं बघून ओळखलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांना एकदा तपासतात. देशभरातल्या ह्या कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातून. पण आमच्या सोसायटीत मुलाचं नाव अंगणवाडीत घालणं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. तिला ऑपरेशनचा एक रुपया पडणार नव्हता. पहाटेच्या एसटीनं कल्याणला यायची, तिथून लोकल. माझ्या हातातला थर्मास, ओले रुमाल, सिरिंजची डबी बघून ती म्हणाली, ‘ताई, तुमी लई करता. आमचा तर पाळन्यात रडून रडून झोपायचा. आमाला कुटं म्हाईत!’

तो मुलगा व्हरांड्यात पळत होता. दहा पावलं पळाला की एकदम उकिडवा बसायचा, गुडघे पोटाशी घेऊन. जरा दम खायचा आणि पुन्हा उठायचा. कुणी शिकवलं नव्हतं. जे आम्ही आमच्या बाळाला करत होतो तेच तो स्वतःचं स्वतः करत होता. ‘घरात समदे म्हंतेत आळशी हाय,’ ती म्हणाली.

सासूबाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. परतीच्या गाडीत ठाणं गेल्यावर त्या बोलल्या. ‘अगं, आमचा बाळू अस्साच बसायचा.’ बाळू म्हणजे त्यांचा पाठचा भाऊ. मी त्याचा फोटोही कधी पाहिला नव्हता. पारनाक्याच्या वाड्यात पोरं लगोरी खेळायची तेव्हा हा मध्येच उकिडवा बसायचा आणि बाकीची त्याला ‘बेडूक’ म्हणायची. सासूबाईही म्हणायच्या. वडील अंगारे आणायचे, आजी दृष्ट काढायची. सहाव्या वर्षी, साठच्या आसपास, तो गेला. वाड्यात सगळे म्हणाले, बाधा होती. आणि तिकडे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात अशा निळ्या मुलांवरचं पहिलं ऑपरेशन होऊन तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. नोव्हेंबर १९४४. कल्पना हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंची, चाकू आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचा, आणि प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ते तंत्र बसवलं ते व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकानं. ऑपरेशनच्या वेळी तो ब्लॅलॉकच्या पाठीमागे उभा राहून पुढचा टाका कसा घ्यायचा ते सांगत होता. मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आधी नव्हतं सांगायला कुणी?’ हा प्रश्न त्या कुणाला विचारत होत्या ते मला कळलं नाही.

ऑपरेशन २०१८च्या मार्चमध्ये, परळलाच झालं. रक्तासाठी नवऱ्याच्या रोजच्या डब्यातली माणसं आली. त्यातल्या काहींची आडनावंसुद्धा त्याला माहीत नव्हती. छातीचं हाड उघडून, रक्ताचं काम यंत्रावर सोपवून, हृदय थांबवून त्यांनी भोकावर पॅच लावला आणि वाट मोठी केली. आम्ही बाहेर होतो. त्या तासांबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही.

आयसीयूत आत सोडलं तेव्हा मी त्याचा चेहरा बघितलाच नाही, आधी नखं बघितली. गुलाबी. तोंडात नळी, छातीतून निघालेल्या नळ्या, वायरी, आणि त्या सगळ्याच्या टोकाला गुलाबी नखं. तोंडातली नळी काढली त्या दिवशी तो रडला. आवाज नाही, नुसतं तोंड उघडलेलं, घसा बसलेला. मी धावत जाऊन त्याचे गुडघे धरायला लागले. सांगलीकडच्या एक सिस्टर होत्या, त्यांनी माझा हात बाजूला केला. ‘रडू दे की त्याला. रडला की फुप्फुसं उघडतात. चांगलं रडू दे.’ मी तिथंच उभी राहिले आणि तो रडत राहिला. निळा पडला नाही. पडदा सारून मी बाहेर आले आणि नवऱ्याला म्हटलं, ‘रडतोय.’ त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग मला नीट सांगावं लागलं.

घरी आल्यावर पहिले दीड-दोन महिने त्याला बगलेत धरून उचलायचं नव्हतं. हाड जुळेपर्यंत मानेखाली आणि कुल्ल्यांखाली हात घालून घ्यायचं. ते आम्ही शिकलो. जे जमलं नाही ते रडू देणं. त्यानं ‘अं’ केलं की बिस्किट, ‘आं’ केलं की मोबाइल, आणि थोरलीच्या हातातली कुठलीही गोष्ट. ती तर द्यायलाच शिकली होती. तिचे क्रेयॉन, तिची उशी, खिडकीजवळची जागा, माझी कूस. एकदा शाळेत ‘माझा भाऊ’ या विषयावर तिनं लिहिलं, ‘माझ्या भावाला सगळे मिळते.’ बाईंनी त्याखाली ‘छान’ असा शेरा दिला होता. डोंबिवलीच्या त्याच डॉक्टरांनी शेवटी एकदा मला बजावलं, ‘आता हा पेशंट राहिलेला नाही. नुसता लाडावलेला आहे. ह्यावर माझ्याकडे औषध नाही.’

तसा तो वर्षातून एकदा पेशंट असतोच. दर वर्षी एको, ईसीजी. वाट मोठी करताना फुप्फुसांकडच्या झडपेचं काम थोडं ढिलं होतं, ती गळते. मोठेपणी कधीतरी नवी झडप बसवावी लागेल, असं सांगून ठेवलंय. दात काढायचा झाला तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारायचं. बाकी पळायला, पोहायला परवानगी आहे. छातीवरच्या उभ्या रेघेबद्दल शाळेत कुणी विचारलं तर वाघानं मारलं, असं सांगतो. पोस्टमास्तरकाका आता नाहीत. त्यांची पेटी त्यांच्या मुलानं आमच्याकडे आणून दिली. ती वाजवायचा कंटाळा हाही रडण्याचा एक विषय आहे.

परवा रविवारी दोघांची रिमोटवरून जुंपली. थोरली आता तेरा वर्षांची, तो आठ. तिनं रिमोट हिसकावला, वर पाठीत एक धपाटा घातला. त्यानं गळा काढला. सासूबाई पोळी अर्धी टाकून उठायला लागल्या. त्यांची नजर अजून आधी ओठांवरच जाते. मी म्हटलं, ‘आई, बसा. जेवा.’ त्या बसल्या, पण घास हातातच. नवऱ्यानं पेपर जरा वर धरला. आत रडणं चालूच होतं, चढत चढत. मग एकदम थांबलं. दाराच्या फटीतून डोकं बाहेर आलं, त्यानं आम्हा तिघांकडे पाहिलं आणि विचारलं, ‘कुणी येणार नाहीये का?’

‘नाही!’ थोरली आतून ओरडली.

तो आत गेला आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.