काठाशी साचलेला गाळ



मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून उरणच्या मोरा बंदरापर्यंतचा लाँचचा प्रवास जेमतेम तासाभराचा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, उरणपर्यंत लोकलही आली; तरी या लाँचला माणसे आहेतच. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. मोऱ्याची लाँच मात्र धोक्याचा बावटा लागला नाही तर आषाढातही चालते.

लाटांना न डरणारी ही लाँच अडते कुठे? मोऱ्याच्या काठाशी. बंदरात गाळ साचतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जशी भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. पाणी इतके उतरते की लाँच धक्क्याला लागतच नाही. काही तास फेऱ्या थांबतात.

माझी आत्या उरणची, माळकरी. एकदा आम्ही दोघे अशाच ओहोटीत काठाजवळ रुतलो. धक्का समोर दिसत होता, उतरता येत नव्हते. वाटभर हसत-बोलत आलेली माणसे तांडेलावर ओरडू लागली, एकमेकांवर खेकसू लागली. आत्या शेजारणीला म्हणाली, "अगं बाय, एवढा दर्या ओलांडलास, आता ढोपरभर चिखलासाठी जीव कशाला जाळतेस?"

पंढरीच्या वाटेवर हे बोलणे मला दरवर्षी आठवते. आळंदीपासून ऊन, पाऊस, दिवेघाट सारे आपण आनंदाने सोसतो. वाखरीपर्यंत एकमेकांच्या पाया पडत येतो आणि दर्शनबारीत पुढच्याला कोपर मारतो. घाटात न आलेला राग देवाच्या दारात येतो. मी आधी, माझी दिंडी आधी, माझा मान आधी! हा गाळ एका दिवसाचा नसतो. रोजच्या पाण्याबरोबर तो बारीक बारीक येतो, तळाशी बसतो. भरती असते तोवर दिसत नाही. भजनाचा रंग ओसरला की उघडा पडतो.

मोऱ्यात गाळ काढतात. तो पुन्हा साचतो, पुन्हा काढावा लागतो. म्हणून बंदर कोणी सोडून देत नाही. आपला नेम तरी याहून वेगळा काय आहे? रोजचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, वर्षाची वारी. एकदा केले नि संपले, असे यात काही नाही.

विठोबा तर काठावरच उभा आहे. त्याच्या नि आपल्या मध्ये आता समुद्र उरलेला नाही. ढोपरभर गाळ तेवढा आहे.