उसनं विरजण

लेक्झिंग्टनमधल्या आमच्या घराच्या तळघरात एक ॲक्सोलॉटल आहे. गुलाबी कल्ल्यांचा, सदा हसऱ्या तोंडाचा हा पाण्यातला सॅलमँडर पाहायला आलेले लोक टाकीचं कौतुक करतात. इतकं स्वच्छ पाणी आणि एवढी कमी मेहनत कशी, असं विचारतात. श्रेय मला मिळतं, पण ते आहे आमच्या शेजारच्या बाईंचं.

बाई एका प्रयोगशाळेत प्राण्यांच्या टाक्या सांभाळून निवृत्त झालेल्या. संशोधन दुसरे करायचे. पाणी बदलणं, गांडुळं चारणं, अंडी वेगळी काढणं हे बाईंकडे. ॲक्सोलॉटलचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो, म्हणून शास्त्रज्ञांना त्याचं अप्रूप. इंडियाना विद्यापीठात १९५७ साली सुरू झालेली ॲक्सोलॉटलची मोठी वसाहत २००५ साली आमच्या गावच्या केंटकी विद्यापीठात आली. त्यामुळे इथे या प्राण्याची नीट माहिती असलेलं माणूस भेटणं अगदीच दुर्मीळ नाही. ते शेजारीच राहत असावं, हे मात्र माझं नशीब.

ॲक्सोलॉटल पाळायचा लेकीचा हट्ट पुरवायचं ठरलं, तेव्हा मी बाईंना उत्साहानं सांगायला गेले. त्यांनी विचारलं, “प्राणी कधी आणताय?”

“शनिवारी.”

“आणि टाकी कधी लावली?”

“तीही शनिवारीच लावू.”

“मग प्राणी पुढच्या महिन्यात.”

दुसऱ्या दिवशी त्या थर्मामीटर घेऊन आमच्याकडे आल्या आणि खोलीखोलीतून फिरल्या. टाकी दिवाणखान्यात शोभेल असं आम्हाला वाटत होतं. ॲक्सोलॉटलला पाणी १६ ते १८ अंश सेल्सियस लागतं. २४ च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. पाणी थंड ठेवणारं यंत्र महाग, शिवाय ते बिघडतं. “तळघर बिघडत नाही,” असं म्हणून बाईंनी जागा ठरवून टाकली.

त्यांची पुढची यादी सगळी नकारांची होती. हीटर नको. तळाला खडे नकोत, कारण हा प्राणी तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो आणि खडा पोटात अडकतो. प्रखर दिवा नको, त्याला पापण्या नाहीत. सोबतीला मासे नकोत, ते त्याचे कल्ले कुरतडतात. जोरदार प्रवाहाचा फिल्टरही नको. एवढं वजा केल्यावर उरली ती १५० लिटरची लांबट टाकी, उघडा काचेचा तळ, लपायला आडवं ठेवलेलं मातीचं कुंडं, दगडाला बांधलेलं कमी उजेडात तगणारं अनुबियास, हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर आणि वर घट्ट झाकण. पाणी जास्त असलं की ते सावकाश खराब होतं. तळ मोकळा असला की घाण दिसते आणि लगेच ओढून काढता येते. नंतरचे कष्ट वाचवायचे तर आधी विचार करायचा, ही बाईंची रीत.

पण त्यांचं खरं ऋण एका स्पंजचं आहे. प्राण्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं बरंच निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे सहज जातात. बाईंनी आपल्या घरच्या चालू टाकीतला काळपट, बुळबुळीत स्पंज ओल्या पिशवीतून आणला आणि आमच्या फिल्टरशेजारी सोडला. सांगलीला आई शेजारणीला वाटीत विरजण द्यायची, तसंच हे.

विरजण लागायला वेळ हा द्यावाच लागतो. बाटलीतला अमोनिया थेंबाथेंबानं घालून आम्ही त्या जिवाणूंना पोसलं आणि रोज पाणी तपासलं. घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊन नायट्राइटही शून्यावर आलं, तेव्हाच बाईंनी होकार दिला. आता दर दोन-तीन दिवसांनी गांडुळं आणि आठवड्याला पाचव्या हिश्शाचं पाणी बदलणं, एवढंच काम उरलंय. नळाच्या पाण्यातला क्लोरीन औषधानं मारून मगच ते टाकीत ओतायचं. स्पंज मात्र नळाखाली कधीच धुवायचा नाही, नाहीतर जिवाणू मरतात. काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा.

घराघरांतले बहुतेक ॲक्सोलॉटल १८६४ साली मेक्सिकोहून पॅरिसला नेलेल्या मोजक्या प्राण्यांचे वंशज आहेत. त्यांचं मूळ घर मेक्सिको सिटीतले सोचिमिल्कोचे कालवे. तिथे १९९८ च्या पाहणीत चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० आढळले होते, २०१४ मध्ये सुमारे ३६. हे बाईंनीच सांगितलं. तुमच्याकडचा जीव कुठून आला ते ठाऊक असू द्या, असं त्यांचं म्हणणं.

पुढे बाई मुलाकडे राहायला दुसऱ्या राज्यात गेल्या. निरोपाला मी पुरणपोळ्या केल्या आणि पैशांचं पाकीटही पुढे केलं. पोळ्या त्यांनी ठेवून घेतल्या, पाकीट परत केलं. “टाकीत एक जास्तीचा स्पंज कायम ठेवा,” म्हणाल्या. “कुणी मागितला तर द्या.”

तो जास्तीचा स्पंज मी ठेवते आणि देतेही. पण आधी टाकी कधी लावली ते विचारते. माणसं हिरमुसतात, एखादं चिडतंही. बाईंवर मीही मनातून चिडलेच होते.