हुर्यो आणि जयघोष

रविवारच्या मिस्सानंतर पनवेलच्या आमच्या चर्चच्या आवारात तरुणांचा घोळका रेंगाळतो. २०२४ च्या वसंतात तेथे एकच वाद रंगे : हार्दिक पंड्या एकनिष्ठ की संधिसाधू? २०१५ पासून तो मुंबईकडून खेळला. २०२२ साली गुजरातच्या नव्या संघाला त्याने कर्णधार म्हणून विजेतेपद मिळवून दिले. मग तो परतला आणि मुंबईला पाच वेळा अजिंक्य करणाऱ्या रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला. सोडून गेला म्हणून अहमदाबादने त्याची हुर्यो उडवली. रोहितची जागा घेतली म्हणून १ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, वानखेडेवर मुंबईकरांनी.

"फादर, निष्ठा म्हणून काही असते की नाही?" एकाने विचारले. मी मान डोलावली. मागाहून मात्र ओशाळलो. प्रत्येक बदलीच्या वेळी कोणीतरी मला म्हणालेच होते, "आम्हाला टाकून चाललात!" आणि येथे आलो तेव्हा, लाडक्या फादरांच्या जागी आलेला मीही उपराच होतो.

२९ जूनला बार्बाडोस येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे अखेरचे षटक हार्दिकने टाकले. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. आमचे तरुणही हरखले. पण त्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल टिपला नसता तर? विजयाच्या मोबदल्यात दिलेली क्षमा हा सौदा होय. खरी क्षमा हरलेल्यालाही मिळते.

पुढल्या रविवारी त्या युवकाला मी हेच विचारले. तो निरुत्तर झाला. खरे तर मीही.