कादंबरी रेंगाळते ती कोठे?

कादंबरीच्या गतीविषयी मराठीत जे बोलले जाते ते बहुतांशी तक्रारीच्या सुरात असते: वर्णने फार आहेत, मधला भाग रेंगाळतो, शंभर पाने कमी असती तर बरे झाले असते. दिवाळी अंकाचे संपादक या विषयावर लेख मागतात तेव्हा त्यांनाही बहुधा कादंबरी वेगवान करण्याच्या चार युक्त्या हव्या असतात. वास्तविक गती म्हणजे वेग नव्हे. कथेतील घटनांना लागणारा काळ, म्हणजे कथाकाल, आणि त्या सांगण्यासाठी खर्ची पडणारी पाने, म्हणजे कथनकाल, यांच्यातील सतत पालटणाऱ्या प्रमाणाला गती म्हणतात. आणि हे प्रमाण वाचकाला जाचते की नाही, हे त्या वेळी त्याच्या मनात कोणता प्रश्न जागा आहे यावर ठरते.

फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी १९७२ साली या प्रमाणाचे चार प्रकार मांडले. काळ पूर्णपणे गाळला जातो ती वगळ. अनेक वर्षे थोड्या ओळींत उरकली जातात तो सारांश. संवादात जसे घडणे आणि सांगणे जवळजवळ बरोबरीने चालते ते दृश्य. आणि घटना थांबून केवळ वर्णन वा चिंतन चालू राहते तो विराम. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) या कादंबरीचा सर्वांत दीर्घ असलेला पहिला भाग एकाच दिवसाच्या उत्तरार्धात घडतो, त्यानंतरच्या छोट्या भागात दहा वर्षे सरतात, आणि जिच्याभोवती पहिला भाग फिरतो त्या मिसेस रॅम्से यांचा मृत्यू कंसातल्या एका वाक्यात सांगितला जातो; तरीही ही घाई वाटत नाही, कारण त्या व्यक्तीचे वजन आधीच्या पानांनी वाचकाच्या मनात साठवलेले असते. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) प्रकार उलटा आहे. युरोपातून निघालेल्या बोटीवर मोजके दिवस आणि पुष्कळसे बोलणे. परंतु मुंबई आली की नायक चक्रधर उतरणार आणि त्याची प्रेयसी हॅर्टा हिला पुढे जावे लागणार, ही जाणीव असल्यामुळे साध्या संवादालाही ओढ येते.

अलीकडे ज्या उपायाचा सर्वाधिक प्रसार झाला आहे तो म्हणजे प्रत्येक प्रकरण उत्कंठेच्या टोकावर तोडणे. या उपायाचा उगम नीट पाहिला जात नाही, म्हणून त्याची थोडी फोड करणे आवश्यक आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन प्रकरणांच्या मध्ये वाचकाचा आठवडा जात असे आणि तो आठवडा ओलांडण्यापुरता प्रश्न मागे ठेवणे लेखकाला भागच होते. बांधीव पुस्तकात तो आठवडा नसतो. वाचक लगेच पान उलटतो, दारावरची थाप शेजाऱ्याची होती असे त्याला कळते, आणि असे तीनदा घडले की चौथ्या थापेवर त्याचा विश्वास उरत नाही. याउलट विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’चा (१९८८) शेवट पुस्तक उघडण्यापूर्वीच प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असतो, तरीही ती जाडजूड कादंबरी झपाट्याने वाचली जाते. पुढे काय होणार याखेरीज हे कसे होणार आणि टळू शकले असते काय, हेही प्रश्न वाचकाला ओढत नेतात, एवढे यावरून मान्य व्हायला हरकत नसावी. ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’नंतर (१९३१) तंत्राचा अतिरेक झाला आणि त्याच्या प्रतिक्रियेत तंत्र हा शब्दच हिणकस ठरला; त्यामुळे या गोष्टींची चर्चा एक तर युक्त्यांच्या पातळीवर होते किंवा होतच नाही.

गती सुधारणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे संपादनासाठी आलेल्या एका हस्तलिखितावरून स्पष्ट होईल. त्यात मुलगा वडिलोपार्जित शेत विकण्यासाठी गावी जातो. एसटीच्या प्रवासाला आठ पाने, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सहीला दीड ओळ. आधी वाचलेल्या सर्वांनी प्रवास कापावा असा सल्ला दिला होता. दोष मात्र प्रवासात नव्हता. सातबाऱ्यावर बहिणीचेही नाव आहे आणि तिने हक्कसोडपत्रावर अजून सही केलेली नाही, ही माहिती प्रवासानंतर दोन प्रकरणांनी येत होती. ती आधी आणताच तीच आठ पाने घट्ट झाली: शेजारच्या प्रवाशाने सहज विचारलेले ‘गावी कोण असतं?’ हे वाक्य बोचू लागले, मांडीवरच्या पिशवीतील कागदांना अर्थ आला, आणि विराम वाटणारा मजकूर एकही ओळ न कापता दृश्य ठरला. रटाळ वाटणाऱ्या पानांचे कारण बहुधा त्यांच्या मागच्या पानांत सापडते, हा या कामातला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी मानला जाणारा नियम आहे. संपादन म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणे, अशी समजूत असलेल्या समाजात तो मानला जावा तरी कसा?

या दुरुस्तीने एक शंका मात्र मागे ठेवली. पूर्वीच्या खर्ड्यात तो माणूस खिडकीबाहेर निर्हेतुकपणे पाहत होता आणि वाचकही त्याच्याबरोबर रेंगाळत होता; आता त्या पाहण्यामागे काळजी आहे आणि निर्हेतुकपणा गेला आहे. लेखिकेने बदल स्वीकारला, पण जे गेले ते कंटाळवाणे होते की कादंबरीचा स्वभावच होता, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

प्रकरणागणिक कथाकाल किती, पाने किती आणि काय बदलले, असे कोष्टक प्रत्येक कादंबरीकाराने पहिल्या खर्ड्यानंतर मांडावे. फुगवटे आणि पोकळ्या त्यातून निश्चित दिसतात. वाचकाला एखाद्या पानावर खोळंबून ठेवण्याचा अधिकार लेखकाला आहे की नाही, हे मात्र कोष्टक सांगत नाही. तो अधिकार आधीच्या पानांवर कमवावा लागतो, आणि तो कमावलेला असेल तर त्या पानाला संपादकाने हात लावू नये.