खटखट्या आजोबा आणि चिमुकला पाय

मित्रांनो, लंडनला गेलेला माणूस सहसा थेम्स नदी, मोठं घड्याळ आणि राजवाडा बघून परततो. आपण मात्र आज यूस्टन स्टेशनवरून गाडी पकडू आणि वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या ब्लेचली गावी उतरू. स्टेशनातून बाहेर पडलं, की अगदी जवळच ब्लेचली पार्क आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश इथेच उलगडले जात.

तिथल्या संगणक संग्रहालयात ‘कोलोसस’ हा अगडबंब संगणक नव्यानं बांधून ठेवलाय. मूळचा कोलोसस १९४४ साली इथे कामाला लागला. तो बनवणारे टॉमी फ्लॉवर्स ब्रिटिश टपालखात्यातले इंजिनिअर होते. कागदी पट्टीवरची भोकं हा संगणक सेकंदाला ५००० अक्षरांच्या वेगानं वाचायचा! ही भोकं कसली? तर टेलिप्रिंटरच्या भाषेतली अक्षरं.

टेलिप्रिंटर म्हणजे तारेनं जोडलेला टाइपरायटर. या गावात बटण दाबलं, की पार दुसऱ्या गावात तेच अक्षर कागदावर उमटायचं. आपल्याकडेही वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बातम्या अशाच खटखटत येत. पुढे तारा गेल्या, आणि ही यंत्रं अडगळीत पडली. २०१६ साली या संग्रहालयाच्या स्वयंसेवकांना जर्मन सैन्याचा एक टेलिप्रिंटर इंटरनेटवर विकायला ठेवलेला दिसला. तो पडून होता एका शेडमध्ये. किंमत? फक्त साडेनऊ पौंड!

गावातच मला असं दुसरं एक यंत्र बघायला मिळालं. तारखात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आणि त्यांची तेरा वर्षांची नात बागेतल्या लाकडी खोलीत त्याच्याशी झटत होते. यंत्र होतं ‘क्रीड ७’. १९३०च्या दशकातलं हे मॉडेल चांगलं जाडजूड लोखंडी आहे. आजोबा आता लहान घरात राहायला जाणार होते. ‘‘चाललं तर बरोबर नेईन, नाहीतर भंगारात,’’ असं ते म्हणाले खरे, पण तेव्हा त्यांचा हात यंत्रावरून फिरत होता.

यंत्राला बोलायला समोर कुणीतरी हवं ना? म्हणून नातीनं आणला होता रास्पबेरी पाय. केंब्रिजमध्ये जन्मलेला हा संगणक २०१२ साली बाजारात आला. जेमतेम एटीएम कार्डाएवढा! पण पंचाईत अशी, की पायच्या पिनेवर असतात ३.३ व्होल्ट आणि टेलिप्रिंटरच्या तारेवर ८०! दोघं थेट जोडले, तर पाय क्षणात जळून जाईल.

मग आजोबांनी मधे बसवला ऑप्टोकपलर. या इवल्याशा डबीत एका बाजूला दिवा असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग. पाय दिवा लावतो आणि विझवतो. पलीकडचा भाग ते बघून टेलिप्रिंटरचा प्रवाह बदलतो. दोघांच्या मधून वीज जातच नाही, जातो फक्त उजेड! आहे की नाही गंमत?

आता वेग. हे यंत्र सेकंदाला ५० ठोके ऐकतं, म्हणजे एक ठोका २० मिलिसेकंदांचा. मोटार योग्य वेगानं फिरतेय का, हे आजोबांनी चक्क नादकाट्यानं तपासलं. काट्याच्या टोकांवरच्या फटीतून फिरत्या चाकाच्या खुणा बघायच्या. खुणा स्थिर दिसल्या, की वेग बरोबर!

नातीनं संदेश पाठवला : ‘कोलोसस १९४४’. यंत्र थरथरलं, खटखटलं. ‘कोलोसस’ नीट उमटलं, पण पुढे आली चार इंग्रजी अक्षरं : क्यू, ओ, आर, आर. ‘‘मोडलंय हे! गेलं भंगारात!’’ म्हणत ती रडवेली झाली.

आजोबा शांतपणे म्हणाले, ‘‘यंत्र ठीक आहे. तू त्याला काय सांगायचं विसरलीस?’’

तुम्ही ओळखाल? घरातल्या संगणकाच्या कीबोर्डची अक्षरांची वरची ओळ बघा. क्यूपासून एक, दोन, तीन असं मोजत चला. क्यू झाला १, ओ झाला ९, आर झाला ४! टेलिप्रिंटरच्या भाषेत एका अक्षराला पाचच खुणा असतात, म्हणजे फक्त ३२ जोड्या. त्यांत २६ अक्षरं आणि १० आकडे मावत नाहीत. म्हणून एकच खूण दोघांना वापरतात आणि आधी ‘आता आकडे’ असा इशारा देतात. नातीच्या प्रोग्रॅममध्ये तो इशाराच नव्हता.

तिनं एक ओळ घातली आणि पुन्हा पाठवलं. खट, खट, खट, खट : १९४४.

आजोबांनी कागद फाडून तिच्या हातात दिला. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावरही असं एखादं यंत्र गप्प बसलं असेल. विजेचं काम मोठ्यांना बरोबर घेऊनच करा हं! पण ते भंगारात टाकण्याआधी एकदा विचारून बघा : तुझी भाषा कोणती?

आणि हो, शेवटचं कोडं : टेलिप्रिंटरवर ‘क्यू, ओ, आर, यू’ असं उमटलं, तर आपल्या देशाला आवडणारं कोणतं वर्ष पाठवलं होतं?