कांदा पोटात गेल्यावर

कांद्याचा उल्लेख कुरआनमध्ये आहे. सूरह बकराच्या 61 व्या आयतीत बनी इस्राईल एकाच प्रकारच्या अन्नाला कंटाळतात आणि हजरत मूसा (अ.) यांच्याकडे जमिनीतून उगवणाऱ्या वस्तूंची मागणी करतात. त्या यादीत काकडी आणि मसुरीसोबत कांदाही आहे. कच्चा कांदा-लसूण खाऊन मस्जिदीत जाऊ नये, ही प्रेषितांची (स.) ताकीद तर आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. असा हा दस्तरखानाचा जुना सोबती. पण तो पोटात गेल्यावर त्याचे पुढे काय होते, याचा विचार आपण सहसा करत नाही. मला तो करावा लागला अब्बांमुळे.

अब्बा गेली दहा वर्षे रक्तदाबाची गोळी घेतात. मागच्या रमजानच्या आधी धाकट्या भावाने कुवेतहून त्यांच्यासाठी एक बाटली पाठवली. लेबलवर लिहिले होते : क्वेर्सेटिन, प्रत्येक कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅम. अब्बांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि मला म्हणाले, "बेटा, हे तर झाडापाल्याचं आहे, कांद्या-सफरचंदात असतं म्हणे. मग ती रोजची गोळी आता कशाला घ्यायची?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. "तुम्हाला काय कळतं" असे अब्बांना म्हणणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. म्हणून वाचायला बसले.

क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड नावाच्या मोठ्या कुटुंबातले एक द्रव्य. कांदा, चहा, सफरचंद, संत्रे, जांभूळ, अशा वनस्पतीजन्य पदार्थांत हे कुटुंब पसरलेले आहे. 1936 साली आल्बर्ट सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञाने अशा द्रव्यांना 'जीवनसत्त्व पी' असे नाव दिले होते. पुढे ते नाव मागे पडले, कारण फ्लॅव्होनॉइड मिळाले नाहीत म्हणून होणारा असा कोणताही आजार सापडला नाही. जीवनसत्त्वाची आणि याची गोष्ट वेगळी आहे, ती इथपासूनच.

कांद्यातले क्वेर्सेटिन एकटे नसते, त्याला साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा, कण जोडलेला असतो. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचे विकर असते. दुधातली साखर पचवणारे हेच ते विकर. ते हा साखरेचा कण कापते आणि क्वेर्सेटिन आत शिरते. म्हणूनच कांदा खाल्ल्यावर तासाभरातच त्याचे अंश रक्तात सर्वाधिक असतात.

संत्र्यातल्या हेस्परिडिनला मात्र वेगळ्या घडणीची साखर जोडलेली असते. ती लहान आतड्याला तोडता येत नाही. हे द्रव्य तसेच मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू ती साखर तोडतात आणि मूळ द्रव्याचेही लहान तुकडे करतात. या सगळ्याला पाच ते सात तास लागतात. इफ्तारला खाल्लेल्या संत्र्याचे हे काम तरावीह आटोपून घर झोपी गेल्यावर चाललेले असते. प्रत्येकाच्या पोटातले जिवाणू सारखे नसतात, त्यामुळे एकाच थाळीतले संत्रे खाऊनही दोन भावांच्या रक्तात पोहोचणारे प्रमाण वेगळे असू शकते.

आता बाटलीची गोष्ट. 1995 साली नेदरलँड्समध्ये 9 जणांवर एक अभ्यास झाला. या सर्वांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढलेले होते, त्यामुळे लहान आतड्यात किती शोषले गेले याचा हिशोब करता आला. कांद्यातले क्वेर्सेटिन सुमारे 52 टक्के शोषले गेले आणि साखर नसलेले शुद्ध क्वेर्सेटिन फक्त 24 टक्के. म्हणजे कांद्याने ते ज्या रूपात दिले, ते रूपच शरीराला अधिक सोयीचे होते.

पण अब्बांसाठी खरी महत्त्वाची गोष्ट पुढची होती. आतड्याच्या पेशी आणि यकृत आत आलेल्या फ्लॅव्होनॉइडला जसेच्या तसे राहू देत नाहीत. त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाचा किंवा सल्फेटचा तुकडा जोडून पाण्यात सहज विरघळणारे करतात, म्हणजे ते लघवीतून आणि पित्तावाटे बाहेर जाते. तापासाठी घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळीलाही यकृत नेमके हेच करते. शरीराच्या लेखी हे द्रव्य साठवून ठेवायची ठेव नाही, तो वाटेवरचा मुसाफिर आहे. रक्तात त्याचे प्रमाण अगदी थोडे असते आणि कांद्यातल्या क्वेर्सेटिनचे अंशही साधारण अर्ध्या ते एका दिवसात निम्मे होतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, आज भरपूर घेऊन महिनाभराची बेगमी होत नाही. रोज थोडे थोडेच पोटात जायला हवे. दुसरी, यकृताच्या ज्या वाटेने औषधे जातात, त्याच वाटेवर आपण कॅप्सूलमधून मोठा भार टाकत असतो. 100 ग्रॅम कांद्यात क्वेर्सेटिन साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम असते, बाटलीतल्या एका कॅप्सूलमध्ये 500. रोजची औषधे चालू असलेल्या माणसाने ती स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे ठरू शकते.

अब्बांना हे सगळे कागदावर आतड्याचे चित्र काढून सांगितले. मग बाटली घेऊन आम्ही त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी चालू ठेवायला सांगितले आणि बाटली बाजूला ठेवायला लावली. "झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी असतं असं नाही," एवढेच ते म्हणाले. भावाला वाईट वाटू नये म्हणून अब्बांनी स्वतः त्याला फोन केला, आणि पुढच्या वेळी त्या पैशांच्या खजुरा पाठव म्हणाले.

बहिणींसाठी स्वयंपाकघरातल्या काही गोष्टी. कांदा सोलताना सुक्या सालीखालचे जाड पापुद्रे फेकू नका, बाहेरच्या थरांतच क्वेर्सेटिन जास्त असते. कांदा उकळला की ते पाण्यात उतरते, पण आपण सालनाचा रस्सा खातो, म्हणून ते वाया जात नाही. चहातली फ्लॅव्होनॉइड मात्र भाजी-डाळीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषू देत नाहीत. आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले आहे. म्हणून चहा जेवणासोबत नको, तास-दीड तासाच्या अंतराने घ्या. जेवणात लिंबू पिळले तर लोह शोषायला मदतच होते.

खाण्यापिण्यात इस्राफ नको, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. शरीराची घडणही तेच सांगते. जास्तीचे ते ठेवून घेत नाही, परत पाठवते. रोजच्या भाकरीसोबत कांद्याची एक फोड आणि ऋतूतले एखादे फळ, ही नियामत अल्लाहने गरिबाच्या दस्तरखानावरही ठेवली आहे. तिच्यासाठी कुवेतहून बाटली मागवावी लागत नाही.