पाटी वाट दाखवते, हमी देत नाही

कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचे एक छोटे गाव आहे. १९३४ च्या हिवाळ्यात तेथील एका तरुण मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या गंभीर दुखण्याने आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गाडले गेले होते. बर्फावर चालणारे वाहन बनवण्याचे प्रयोग बाप कित्येक वर्षे करीत होता, पण मुलाला घालून नेता येईल असे वाहन त्या दिवशी तयार नव्हते. मुलगा रुग्णालयात पोहोचू शकला नाही. तो गेला.

त्या मेकॅनिकचे नाव जोसेफ-आर्मांड बोम्बार्दिए. पुत्रशोक गिळून त्याने काम पुढे नेले. १९३७ पर्यंत सात जणांना घेऊन बर्फावरून धावणारी त्याची गाडी बाजारात आली. डॉक्टर आणि टपालवाले अशा गाड्यांतून बर्फाळ मुलखात फिरू लागले. पुढे १९५९ मध्ये त्याच्या कारखान्यातून एकदोघांना बसता येईल असे हलके वाहन बाहेर पडले. पुढे दोन पट्ट्या, मागे फिरणारा रुंद पट्टा आणि मध्ये मोटारसायकलसारखी बैठक. हीच आजची स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची स्कूटर.

नियतीचा खेळ पाहा! ज्या वाहनामागे एका बापाची तळमळ होती, त्याच वाहनावर आज दर हिवाळ्यात कोणाची ना कोणाची मुले जिवाला मुकतात. कारण गरजेचे वाहन आता मौजेचे झाले आहे, आणि मौजेला वेगाची चटक लागायला वेळ लागत नाही.

शेतातून जाणारी वाट

अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या मिनेसोटा राज्यात या वाहनांसाठी २२ हजार मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे ३५ हजार किलोमीटर वाटा आहेत. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या जाळ्याचा आवाका कळतो. यातील बहुतेक वाटा सरकारी नोकर नव्हे, तर गावोगावच्या स्नोमोबाइल क्लबांचे सभासद सांभाळतात. त्यासाठी राज्याकडून अनुदान मिळते, पण हातपाय हलवणारे लोक मात्र हौशी असतात. कोणी शाळामास्तर, कोणी दुकानदार, कोणी निवृत्त माणूस.

कित्येक वाटा शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीतून जातात. पीक निघाले की शेतकरी परवानगी देतो, बर्फ वितळले की ती जमीन पुन्हा त्याची. वाटा साधारणपणे १ डिसेंबर ते १ एप्रिल एवढ्याच काळासाठी उघडतात. म्हणून बर्फ पडण्याआधी पाट्या रोवायच्या आणि वसंत ऋतूत त्या उपटून गोळा करायच्या, हे काम दरवर्षी नव्याने करावे लागते. नारिंगी रंगाची चौकट टोकावर उभी केलेली छोटी पाटी म्हणजे 'तुम्ही वाटेवरच आहात' ही खूण. पिवळी पाटी सावध करते. लाल पाटी थांबवते. दिव्याचा उजेड पडताच त्या चमकतात.

अशाच एका क्लबाबरोबर एक मराठी आजोबा नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी पाट्या रोवायला गेले होते. सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस वर्षे काढून ते निवृत्त झालेले. सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांवर मैलाचे दगड रंगवून घेणे आणि वळणांच्या पाट्या लावणे यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले. मुलगा मिनेसोटात संगणक कंपनीत नोकरीला. शेजारी क्लबाचा सभासद. घरी बसून कंटाळलेल्या आजोबांनी आपणहून हातोडा उचलला.

दुपारपर्यंत एक गोष्ट त्यांच्या मनात खटकू लागली. दोन साध्या वळणांवर पाटी न लावताच मंडळी पुढे निघाली होती.

"अरे, इथे पाटी नको का? त्यांना विचार तरी," ते मुलाला म्हणाले.

मुलाने शेजाऱ्याला विचारले आणि हसत उत्तर सांगितले, "बाबा, ते म्हणतात, साधं वळण दिसतंच. प्रत्येक वळणाला पाटी लावली, तर माणसं वाटेकडे बघायचं सोडून पाटीकडे बघतात. मग एखादी पाटी वाऱ्याने पडली की तिथे वळण नाहीच असं समजतात."

आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "खरं आहे रे. आमच्या घाटात आम्ही एकामागून एक पाट्या लावत गेलो. शेवटी कोणी वाचेना. ड्रायव्हर मंडळींना त्या झाडांसारख्याच दिसायला लागल्या."

पाट्या वाढल्या की नजर बोथटते

आजोबांच्या अनुभवाला शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतील रस्त्यांवरच्या खुणांची नियमपुस्तिका १९३५ मध्ये प्रथम निघाली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. धोक्याच्या पाट्या शक्य तितक्या कमी ठेवाव्यात, कारण विनाकारण लावलेल्या पाट्यांमुळे सगळ्याच पाट्यांविषयी बेपर्वाई येते, असे ती स्पष्टपणे सांगते. बर्फातल्या वाटांनाही तोच न्याय लागू पडतो. जिथे धोका अचानक समोर येतो, डोळ्यांना दिसत नाही, तिथे पाटी हवीच. चौरस्ता, रेल्वेचे रूळ, अरुंद पूल, झाडीआडचे कोनात वळणारे वळण, कुंपणाची तार. बाकी ठिकाणी चालवणाऱ्याने आपले डोळे वापरायचे.

दुसरी गोष्ट सारखेपणाची. एका गावच्या क्लबाने हाताने रंगवलेली पाटी लावली, दुसऱ्याने वेगळ्या रंगाची लावली, तर परक्या माणसाने काय समजायचे? ताशी ऐंशी किलोमीटर वेगात पाटी वाचायला वेळ नसतो. ती ओळखावी लागते. रंग आणि आकार सगळीकडे एकच असला, तरच हे साधते. पाट्यांमध्ये बदल झाला, ओळखीची पाटी दिसेनाशी झाली, की जुनी मंडळी कुरकुर करतात. पण नुसत्या सवयीवर गाडी हाकणाऱ्याला त्या वाटेवरचा नवा धोका दिसत नाही, हे ती विसरतात.

उजेडापेक्षा जास्त पळू नका

मिनेसोटात स्नोमोबाइलला ताशी ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा आहे. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये रात्रीची मर्यादा ५५ मैल आहे. आकडे ऐकायला साधे वाटतात. जरा हिशेब मांडून पाहू या.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे एका सेकंदात २२ मीटर. समोर काही दिसल्यावर मेंदूने ते ओळखून हाताने ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. हेडलाइटचा कामाचा उजेड साधारण ६० मीटरपर्यंतचा धरतात. म्हणजे थांबायला उरले २७ मीटर, आणि तेही गुळगुळीत बर्फावर! अशा वेळी चमकणारी पाटीसुद्धा वाचवू शकत नाही. ती दिसते, पण उशिरा दिसते. म्हणूनच वेगमर्यादा ही वरची हद्द आहे, तेवढ्या वेगाने जायलाच हवे असा तिचा अर्थ नाही. आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा.

गोठलेल्या तळ्यांवर तर पाटीची मर्यादा आणखी उघडी पडते. तळ्यावर वाटेच्या खुणा दिसल्या, तरी त्या फक्त दिशा सांगतात. खालचा बर्फ किती जाड आहे, हे त्या सांगत नाहीत. मिनेसोटाचे निसर्गसंपत्ती खाते सांगते की नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ चालत जायला किमान चार इंच हवा आणि स्नोमोबाइलला पाच ते सात इंच. पांढरट, बर्फमिश्रित थर असेल तर त्याची दुप्पट जाडी धरावी. ओढा मिळतो ती जागा आणि पुलाखालचा भाग यांवर तर भरवसाच नको. जाणती माणसे थर मोजल्याशिवाय पुढे जात नाहीत.

आता आणखी एक बदल झाला आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात तेथील क्लबांच्या महासंघाचा नकाशा मोबाइल फोनवर पाहता येतो. हिरवी रेघ म्हणजे वाट खुली, पिवळी म्हणजे मर्यादित, लाल म्हणजे बंद. घरातून निघण्यापूर्वीच ही पाटी वाचायची सोय झाली. पण काल हिरवी असलेली वाट रात्रीच्या उबेने आज बिघडलेली असू शकते, आणि रानात फोनची बॅटरी थंडीने झटकन उतरते.

हाताची भाषा

वाटेवर रोवलेल्या पाट्यांइतकीच महत्त्वाची आहे ती हाताची भाषा. स्नोमोबाइलचा वेग उजव्या अंगठ्याने वाढवतात, म्हणून सगळ्या खुणा डाव्या हाताने करतात. हात सरळ वर म्हणजे थांबा. आडवा म्हणजे डावीकडे वळणार. कोपरात दुमडून वर म्हणजे उजवीकडे. खाली तिरपा म्हणजे वेग कमी करतो आहे. अंगठा खांद्यावरून मागे दाखवला, तर माझ्यामागे आणखी गाड्या आहेत. खांद्याजवळ मूठ धरली, तर मी शेवटचा.

ही शेवटची मूठ फार मोलाची. वळणावर समोरून एक गाडी गेली, की वाट मोकळी झाली असे समजून माणूस मध्यभागी येतो आणि मागून दुसरी येऊन आदळते. अर्थात, खडतर वळणावर हात सोडून खुणा करत बसण्यापेक्षा दोन्ही हातांनी गाडी सांभाळणे केव्हाही शहाणपणाचे.

आणि एक पाटी कोणत्याही क्लबाला वाटेवर रोवता येत नाही, ती दारूविरुद्धची. वाटेतल्या खानावळीत थांबून दोन घोट घ्यायची तिकडे कित्येकांना सवय असते. मिनेसोटात आणि ओंटारिओत नशेत स्नोमोबाइल चालवणे हा मोटार नशेत चालवण्यासारखाच गुन्हा आहे, आणि त्यात मोटारीचा परवानाही जातो. पण परवाना परत मिळतो, माणूस मिळत नाही.

गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

हे सगळे दूरदेशीचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे वाटेल. पण काश्मीरच्या सहलीला जाणारी मराठी कुटुंबे गुलमर्गला बर्फावरच्या स्कूटरवर हौसेने बसतातच. तिथे मिनेसोटासारखे वाटांचे जाळे नाही. गाडी बहुधा स्थानिक माणूसच चालवतो आणि आपण मागे बसतो. त्यामुळे आपली पाटी आपणच व्हायचे. हेल्मेट मागून घ्यावे. साडीचा पदर, ओढणी, मफलर आत खोचावा, कारण लोंबते कापड फिरत्या पट्ट्यात अडकू शकते. लहान मुलाला पुढे आणि मागे एक एक मोठे माणूस अशी तिघांची कोंबाकोंबी करू नये. आणि "जरा जोरात घ्या" असे चालकाला कधीही सांगू नये. फोटो चांगला येईल, पण तो बघायला सगळे घरी परतले पाहिजेत.

नातवाची परवानगी

त्या मराठी आजोबांच्या घरी पाट्या रोवून झाल्यावर वेगळाच प्रश्न उभा राहिला. बारा वर्षांच्या नातवाला शेजाऱ्याच्या मुलांबरोबर स्नोमोबाइल चालवायची होती. सुनेचा साफ नकार. मुलगा मधल्या मध्ये अडकलेला. शेवटी नातू आजोबांकडे आला.

"आजोबा, तुम्हीच तर पाट्या लावल्यात ना? मग भीती कशाची? तुम्ही आईला सांगा ना!"

आजोबांनी त्याला जवळ बसवले. "बाळ, मी पाट्या लावल्यात म्हणूनच मला ठाऊक आहे, त्या कुठे कुठे नाहीत."

मग त्यांनी तोडगा काढला. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला सार्वजनिक वाटांवर स्नोमोबाइल चालवण्यासाठी सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. अकराव्या वर्षी हा अभ्यासक्रम करता येतो, बाराव्या वर्षापासून प्रमाणपत्र लागू होते. अठरा वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचे आहे. आजोबांनी सुनेला सांगितले, "सूनबाई, नाही म्हणू नकोस, पण लगेच हो पण म्हणू नकोस. आधी त्याला शिकू दे. हिवाळाभर बापाच्या मागे बसून वाट ओळखू दे. पुढच्या वर्षी ठरवू."

सूनबाईंनी थोडा विचार केला. "बाबा, एक अट. रात्री नाही आणि तळ्यावर नाही."

"मान्य!" नातू ओरडला.

आजोबा म्हणाले, "मान्य नाही. लिहून काढ आणि गाडीच्या किल्लीजवळ चिकटव."

नातवाने कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. त्या घरातली ती पहिली पाटी. रानातल्या पाट्या परक्या माणसांनी परक्या मुलांसाठी थंडीत कुडकुडत रोवलेल्या असतात. त्यांच्या या कष्टांचे चीज करायचे, तर त्या पाट्यांना शेवट नव्हे, सुरुवात मानायला हवे. उरलेले काम ज्याचा अंगठा यंत्रावर आहे, त्याचे आणि त्याला किल्ली देणाऱ्या घराचे.